खोकलेकरांना जिवंत ठेवल्याबद्दल

३ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच टाकून दिलं असतंस, म्हणून पत्ता खालच्या वहिनींकडून लिहून घेतला. म्हणजे सुरुवातच फसवणुकीने झाली. माझ्याकडून तू वेगळी अपेक्षा केली नसशीलच.

आईला जाऊन सात आठवडे झाले. त्या दिवशी तू आलास आणि संध्याकाळपर्यंत जिन्याच्या कठड्याशी उभा राहिलास. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट करून देत होतास, जसा काही तू तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू. निघताना बुटाची नाडी बांधत, मान वर न करता म्हणालास, "तिनं मला एकदाही 'ये' म्हटलं नाही." मी गप्प बसले. मी गप्प बसण्याबद्दल कधीच प्रसिद्ध नव्हते, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

त्या वाक्याला उत्तर आहे. ते द्यायलाच मी बसलेय. पण एका दमात लिहायची माझी छाती नाही, म्हणून आधी पुस्तकाचं सांगते.

शेवटची दोन वर्षं आईला काहीच दिसत नव्हतं. उजेड-अंधार तेवढा कळायचा. दुपारी दोन ते चार मी तिला वाचून दाखवायचे. आधी वर्तमानपत्र, मग मासिकं, मग एक दिवस ती म्हणाली, "ती जाडी रशियन कादंबरी आण गं वाचनालयातून. माझी राहूनच गेली." तीन भाग, बाराशे पानं. मी म्हटलं, "आई, एवढ्या वेळात माणूस रशियात पायी जाऊन येईल." ती म्हणाली, "मला कुठे जायचंय? वाच."

नऊशे सेहेचाळीसाव्या पानावर ती गेली. आता मी पहिल्या पानापासून पुन्हा वाचतेय. मोठ्याने. कारण तिला मी जे वाचून दाखवलं, ते सगळं पुस्तकात नव्हतं.

९ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. बरंच झालं, उत्तर आलं असतं तर मी थांबले असते.

कादंबरी थोडक्यात सांगते, म्हणजे लेखकाला जे बाराशे पानांत जमलं नाही ते. एक विधवा जमीनदारीण आहे, तिची तीन मुलं, आणि मधून वाहणारी एक नदी. थोरल्याला त्या नदीवर पूल बांधायचाय. तिसऱ्या पानावर त्याला कल्पना सुचते आणि नऊशेव्या पानावर तो अजून लाकडं बघतोय. मुलगी खिडकीशी बसून उसासे टाकते. मधला मुलगा डॉक्टर आहे, जिल्ह्याच्या टोकाला, बर्फात. सगळ्यांना तीन तीन नावं आणि लाडाचं चौथं. पन्नासाव्या पानावर आईने हात टेकले. "ही माणसं आहेत की मतदारयादी? आपण यांना आपली नावं देऊ." तुला आठवत असेल, आपल्याकडे लहानपणापासून हीच पद्धत. कुठलंही परदेशी पुस्तक घरात आलं की आधी बारसं. त्याप्रमाणे विधवा झाली आत्याबाई, थोरला पूलकर, मुलगी उसासेबाई. डॉक्टर सारखा खोकायचा, रुग्णापेक्षा जास्त, म्हणून तो खोकलेकर. "अहो खोकलेकर, जरा मफलर घ्या," आई खुर्चीतून म्हणायची. तिचा तो फार लाडका.

वाचताना ती हुंकार द्यायची. परिच्छेद संपला की "हं". आवडलं नाही तर "हं?" झोप आली की हुंकार लांबत जायचा, आणि मी आवाज खाली न आणता वाचत राहायचे, कारण आवाज थांबला की ती जागी व्हायची. त्यामुळे मला आता एक सवय लागलीय. परिच्छेद संपला की मी थांबते. समोर वेताची खुर्ची रिकामी. हुंकार येत नाही. आणि तो आल्याशिवाय पुढचा परिच्छेद सुरूच होत नाही माझ्याकडून. पूलकर नदीकाठी एक पाय उचलून उभा राहतो आणि मी बसून.

परवा वहिनी वर आल्या. दारातच उभ्या.

"ताई, राग मानू नका. पण आई तर गेल्या ना हो?"

"गेल्या."

"मग दुपारी तुम्ही कुणाशी बोलता?"

"वाचते."

"वाचता ते कळतं. पण मध्येच थांबता. मग पुन्हा सुरू करता. जसं काही समोरून कुणी काही म्हणतंय."

मी म्हटलं, "वहिनी, समोरून कुणी काही म्हणत नाही, म्हणून तर थांबते." त्या चटकन खाली गेल्या. तेव्हापासून दुपारी त्यांच्याकडे रेडिओ मोठा असतो.

आणि एक सांगते, हसू नकोस. तीनशे बाराव्या पानावर, उसासेबाईची आणि त्या लष्करी मुलाची ताटातूट होते तिथे, हुंकार आला. नळाचा असेल. आपल्या नळांना असली सवय आहेच. मी पुढचा परिच्छेद वाचला मात्र.

१७ फेब्रुवारी

दादा,

आज खोकलेकर गेले.

पान पाचशे अठ्ठ्याऐंशी. लेखकाची कमाल बघ. आत्याबाईच्या जेवणावळीला त्याने अडतीस पानं दिलीत, कोण कुठे बसलं, कोणी कोणाला काय वाढलं. पुलाच्या खांबांवर वीस पानं. आणि खोकलेकरांना दीड. घोडे बदलायच्या ठाण्यावर ते तापाने पडलेत, बाकावर अंगरखा पांघरून. ठाणेदाराला विचारतात, गाडी आली का? ठाणेदार म्हणतो, उद्या. परिच्छेद संपतो. पुढच्या परिच्छेदात गाडी आलेली असते आणि ते नसतात. मग नवीन प्रकरण, आणि त्यात पूलकर ओकच्या लाकडाबद्दल बोलतो.

पहिल्यांदा हे मी आईसमोर बसून वाचत होते. डोळे नेहमी तोंडाच्या चार ओळी पुढे असतात, तू वर्गात वाचायचास तेव्हा तुझेही असतील. "उद्या" हा शब्द तोंडात होता तेव्हा माझ्या डोळ्यांनी पुढचं वाचलेलं होतं. आईने मफलरचं काहीतरी म्हणायला नुकतंच तोंड उघडलं होतं. आणि मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी गाडी आली. डॉक्टरांना थोडं बरं वाटत होतं."

पुस्तकात नव्हतं ते. माझं होतं.

तुला वाटेल दया. मलाही तसंच वाटलं होतं. पण एकदा माणूस वाचवला की त्याला पोसावं लागतं. पुढच्या साडेतीनशे पानांत जिथे जिथे घरातली माणसं त्याच्या आठवणीने रडतात, तिथे तिथे मला त्याचं पत्र आणावं लागलं. आत्याबाई काळे कपडे घालते. मी म्हटलं, थंडीमुळे. उसासेबाई त्याची पुस्तकं बांधून ठेवते. मी म्हटलं, त्याने मागवलीत. एकदा तर घाबरून मी त्याचं लग्न लावलं, ठाणेदाराच्या पुतणीशी. आई म्हणाली, "मुलगी कशी आहे?" म्हटलं, "शांत आहे." "खोकते का?" "नाही." "मग निभेल."

माझं लिखाण वीस वर्षं छापून येतंय, दादा, पण एवढं मन लावून ऐकणारा वाचक मला दुसरा मिळाला नाही.

ती रोज विचारायची. वाचन सुरू व्हायच्या आधीच. "खोकलेकरांचं काय?" मी काहीतरी सांगायचे. मग ती विचारायची, "घरी का येत नाही तो?"

"बर्फ आहे. रस्ते बंद."

"अगं, आत्ता तर आत्याबाई बागेत स्ट्रॉबेऱ्या तोडत होती."

"तिकडे वर बर्फ आहे, आई."

"हं," ती म्हणायची. "तिकडे वर."

२६ फेब्रुवारी

दादा,

आज पुस्तक बाजूला. आज माझ्या लेखाबद्दल.

आजवर मी एकच वाक्य म्हणत आले, "मी तुझं नाव घेतलं नव्हतं." खरं आहे. मी फक्त एवढं लिहिलं की एका शाळेच्या बक्षीस समारंभात गणिताचे एक सर भाषणाला उभे राहिले, आणि चार मिनिटं एक शब्द न बोलता खाली बसले. खुर्चीत नाही, जमिनीवर. मी मागच्या रांगेत होते. मला तुझे हात दिसत होते, कागद दिसत होता, कागद हलत होता तेही दिसत होतं. बहिणीने उठून पुढे यायला हवं होतं. मी पर्समधून वही काढली.

'मौनाची चार मिनिटं' हा माझा सर्वांत गाजलेला लेख. लोक अजून भेटले की म्हणतात, काय हसलो हो. सोमवारी तू वर्गात शिरलास आणि चाळीसच्या चाळीस मुलं एकही शब्द न बोलता जमिनीवर बसली होती, हे मला तुझ्या मुख्याध्यापकांनी सांगितलं. तुझ्या राजीनाम्यानंतर. तेही जरा हसूनच सांगत होते.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. कसं असणार? तिचं वर्तमानपत्र मीच वाचत होते. माझा लेख यायचा ते पान मी वाचायचेच नाही, म्हणायचे, आज जाहिरात आहे. तू लांबच्या गावी नोकरी घेतलीस, ते तुला शाळा मानवेना म्हणून, असं तिला वाटलं. निदान मला वाटलं की तिला तसं वाटतंय. फोन मी उचलते म्हणून तू फोन करायचा नाहीस. तिला पत्रं लिहायचास. ती मीच वाचणार, हे माहीत असून लिहायचास. आणि एकाही पत्रात तू माझी तक्रार केली नाहीस. सहा पत्रं. मी प्रत्येक पत्र आधी मनात वाचून घ्यायचे, आता येईल, आता येईल म्हणून. आलं नाही. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मला त्या गाळता आल्या असत्या. तू मला गाळायला काही ठेवलंच नाहीस, सहाव्या पत्रापर्यंत.

त्याचं आज नाही. हात दुखतोय. हेही खोटं आहे, पण थांबते.

५ मार्च

दादा,

वाचनालयाचं तिसरं स्मरणपत्र आलं म्हणून आज तिन्ही भाग पिशवीत घालून गेले. मुदत वाढवून घ्यायची होती. वाचनालयातल्या बाई तुला आठवतात? जाड भिंगांच्या, पुस्तक देताना आधी आपल्याला तपासून घेणाऱ्या. आता त्यांचे केस पांढरे झालेत.

"संपली नाही अजून?"

"दुसऱ्यांदा वाचतेय."

"मग आईंवर गेलात. त्यांचं किती वेळा झालं असेल, देव जाणे."

मी म्हटलं, "आईने ही वाचली नव्हती. राहून गेली होती तिची."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, काय बोलताय! मी इथे नवीन लागले, तेव्हा त्यांनीच ही माझ्या हातात दिली. तुम्ही तेव्हा पोटात असाल. म्हणाल्या, दुसरा भाग घरी न्याल तेव्हा रुमाल घेऊन बसा. डॉक्टर जातो."

मी काउंटरला धरून उभी राहिले. मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, "चला ना हो ताई." मी बाईंना पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. या वेळी जरा मोठ्याने, जसं मला ऐकूच कमी येतंय.

म्हणजे तिला ठाऊक होतं. ज्या दुपारी मी खोकलेकरांना बाकावरून उठवून गाडीत बसवलं, त्या दुपारी ती समोर बसून ऐकत होती. लग्न लावलं तेव्हा मुलीची चौकशी केली. साडेतीनशे पानं ती रोज विचारत राहिली, घरी का येत नाही तो? आणि मी रोज बर्फ पाडत राहिले. मला वाटत होतं ती गोष्ट ऐकतेय. ती वाट बघत होती, माझ्या तोंडून एकदा तरी खरं निघतंय का याची. एकदाही ओरडली नाही. नुसतं "हं".

राहून गेली म्हणाली, ते का? मला मऊ उत्तर असं सुचतं की नवीन पुस्तक वाचायचं सुख तिला मला द्यायचं होतं. दुसरंही एक सुचतं. तिला एक लांबलचक पुस्तक हवं होतं, ज्यात कुठे काय आहे हे तिला तोंडपाठ आहे आणि मला नाही. म्हणजे मी काय काय गाळते ते तिला कळलं असतं. पुस्तक आणायला तिने मला कधी पाठवलं, ते मी घरी येऊन गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरच्या नोंदींत बघितलं. तुझं सहावं पत्र येऊन गेल्यावर, चौथ्या दिवशी.

आज वाचायला बसले आणि पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीकडे पाठ केली.

६ मार्च

दादा,

आता सांगते. मध्ये विनोद करणार नाही, केला तर सवयीचा समज.

तुझं सहावं पत्र दोन कागदांचं होतं. पहिल्या कागदावर हवापाणी, खोली, नवीन नोकरीतले हिशेबनीस. दुसऱ्यावर एवढंच, की आई, तुझ्याजवळ येऊन राहावंसं वाटतं. घरात माझ्यामुळे कुणाला अवघड होणार असेल तर नको. तू 'ये' म्हणालीस तर येईन. काहीच कळवलं नाहीस तर काय ते समजेन, आणि पुन्हा विचारणार नाही.

मी पहिला कागद वाचला आणि घडी घातली.

आई म्हणाली, "दुसरा?"

"दुसरा कोराच आहे. जोडीला घातलाय."

"दे इकडे."

मी दिला. नाही कशी म्हणणार, कोऱ्या कागदाला? तिने तो मांडीवर पालथा घातला आणि मागून बोट फिरवलं. तू बॉलपेन किती दाबून लिहितोस, दादा. लहानपणापासून. तुझ्या वहीचं एक पान लिहिलं की खालची तीन पानं वाया जायची, आणि आई ओरडायची. ती मागून एकेक ओळ चाचपत होती. अक्षरं कळली नसतील, उलटी होती, असं मला तेव्हा वाटलं. पण ओळी कळल्या. तिने मोजल्या. "नऊ," ती म्हणाली. "कोऱ्या कागदावर नऊ ओळी."

तिने मला विचारलं नाही काय लिहिलंय. एवढंच म्हणाली, "कागद घे. लिही."

तिने सांगितलं ते मी लिहिलं. मी काही बदललं नाही, यावर तू विश्वास ठेवायचं कारण नाही, पण ते इतकं थोडं आहे की बदलायला जागाच नव्हती. मग ती म्हणाली, खाली सही मी करते, पेन दे. तिने स्वतः लिहिलं. "टाक आजच."

मी टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, टाकलंस? मी म्हटलं, टाकलं. त्यानंतर तिने तुझं पत्र आलं का असं कधीच विचारलं नाही. पुस्तक मागवलं, आणि खोकलेकरांचं विचारत राहिली.

कारण ऐकायचंय तुला. तू आल्यावर कधीतरी लेखाचं निघालं असतं, ही भीती होती. पण ती मोठी नव्हती. मोठी ही होती, की तू आला असतास तर दुपारी तूच वाचलं असतंस. तुझा आवाज चांगला आहे. तिला तुझंच वाचणं आवडायचं, मी ते लहानपणापासून ऐकत आलेय. तिच्या डोळ्यांची जागा मला मिळाली होती. जगातलं जे काही तिच्यापर्यंत जायचं ते माझ्या तोंडून जायचं. मला ती जागा सोडवेना. म्हणून तू नऊ महिने तिकडे त्या ठाण्यावर बसून राहिलास, आणि ती इकडे. गाडी मी अडवून धरली होती.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून खूप घेऊन झालंय.

तिचा कागद सोबत आहे. चुरगळलेला नाही, मी तो कपाटात नीट ठेवला होता; माझा हा नीटनेटकेपणा मला सर्वांत जास्त घाबरवतो. त्यावर लिहिलंय: "कुणाला अवघड होईल याचा विचार तू करू नकोस. ये. जसा असशील तसा ये. मी वाट बघते." बाकीचं अक्षर माझं आहे. खालचं तिचं आहे.

ती 'आई' लिहीत होती. कागदाची कड तिला दिसली नाही आणि मी हात धरला नाही. त्यामुळे तुझ्या कागदावर फक्त 'आ' आहे. 'ई' टेबलावर उमटली. तिनेही तुझ्यासारखंच दाबून लिहिलं, लाकडात गेलीय ती. मी दोनदा ओल्या फडक्याने पुसून बघितली. निघाली नाही.

ती मला पाकिटात घालता येत नाही.